वाळवंट बघायचं राहिलंय

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

मटार सोलायला बसलो की श्रीकांत निम्मे खायचा. चिंचवडची ती दीड खोली, रविवारची सकाळ, जमिनीवर पसरलेलं वर्तमानपत्र आणि आम्ही दोघं समोरासमोर पाय पसरून. मी म्हणायचे, उसळीला तरी ठेव. तो म्हणायचा, शेंगाच पोकळ निघाल्या, मी काय करू! आणि गालात दाणे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या सकाळी काहीच घडलं नाही. म्हणूनच लक्षात राहिली असेल.

आज फेल्डहोवन या डच गावातल्या स्वयंपाकघरात फ्रीजरमधलं मटारचं पाकीट टॉवेलात गुंडाळून पाठीला लावलं, तेव्हा आठवलं. परवापासून पाठ जास्त दुखतेय.

संध्याकाळी श्रीकांत लॅपटॉप घेऊन शेजारी बसला. फेब्रुवारीत पुण्याला जायचं ठरलंय. सगळ्यांना भेटून यायचं — कशासाठी ते कोणी बोलत नाही. तर म्हणाला, या वेळी दुबईत दोन रात्री उतरायचं. डेझर्ट सफारी करायची!

इथे आलो त्याला पंचवीस वर्षं झाली. स्वस्त तिकीट म्हणून दर वेळी दुबईवरून. आणि विमानतळाच्या बाहेर एकदाही पाऊल टाकलं नाही. चार आठवड्यांची रजा, त्यात सासर, माहेर, लग्नं, मुंजी, दातांचा डॉक्टर, ब्लाउज शिवून घेणं. वाळवंटाला दिवस कुठला? काचेपाशी उभं राहून पलीकडे बघायचो. तो म्हणायचा, पुढच्या वेळी.

आज तसं म्हणाला नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

वृंदा तिळगूळ घेऊन आली. दोन गल्ल्या पलीकडे राहते, घरून डबे पुरवते, बोलायला लागली की थांबत नाही. दोन वर्षांपूर्वी ती सफारी करून आलीय, म्हणून श्रीकांतने तिला खुर्चीत बसवून सगळं विचारून घेतलं.

दुपारी तीनला जीप हॉटेलवर येते. वाळू लागली की ड्रायव्हर उतरून चाकांतली हवा कमी करतो, नाहीतर चाकं रुतून बसतात. मग अर्धा तास टेकड्यांवरून वर आणि धाडकन खाली. नंतर सूर्यास्ताचे फोटो. मग तंबू, खजूर, कॉफी, उंटावरची एक चक्कर, मेंदी, अंगभर दिव्यांचा घागरा घालून गरगर फिरणारा माणूस, जेवण. नऊपर्यंत परत.

"ताई, एक ऐका. दुपारी काही खाऊ नका. मी संकष्टी म्हणून साबुदाण्याची खिचडी खाऊन गेले होते. ती सगळी दुबईच्या वाळवंटात राहिली."

श्रीकांत इतका हसला की डोळे पुसायला लागला. मग पुसतच राहिला. वृंदाने तिळगुळाचा डबा उगाच उघडला, उगाच लावला.

जाताना दारात मला हळूच म्हणाली, "उंट उठताना आधी पुढे ढकलतो, मग मागे. पाठीचं बघा हं."

बघते म्हटलं.

रविवार, १९ जानेवारी

मला वाळवंट का बघायचंय, हे श्रीकांतला लग्नाआधीपासून माहीत आहे. सिस्टर बर्नाडेट भूगोल शिकवायच्या. फळ्यावर आडवा खडू धरून एका झटक्यात चंद्रकोर काढायच्या — ही वाळूची टेकडी. वारा येतो त्या बाजूला सोपा चढ, पलीकडे एकदम कडा. कड्यावरून कण घसरत राहतात आणि टेकडी पुढे सरकते. म्हणजे टेकडी चालते, गर्ल्स! मी वहीत इतक्या चंद्रकोरी काढल्या की आईला वाटलं, मी ईदची तयारी करतेय.

त्या कॉन्व्हेंटात मराठीत बोललं की बाकावर उभं करायचे. त्याचा राग म्हणून रोजनिशी मराठीत सुरू केली. राग गेला, सवय राहिली.

बुधवार, २२ जानेवारी

बुधवारी शाळा दुपारी सुटते. म्हणून श्रीकांत दर बुधवारी हूफडॉर्पला जातो — श्रुतीला, आमच्या नातीला, शाळेतून आणायला. मी मुद्दामच बुधवारची वेळ घेतली होती. एकटी गेले.

डॉक्टर आमच्या लेकीच्या, शलाकाच्याच वयाची असेल. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. स्तनातलं गेलं होतं, हाडांत आलं, हे गेल्या वर्षीच कळलं होतं. आता पाठीचे दोन मणके आतून पोखरलेत. बिस्किटासारखे. आदळआपट झाली तर बसतील, मज्जारज्जूवर दाब येईल, पाय जातील. न आदळताही जाऊ शकतात, म्हणाली, पण आदळून कशाला. विमानाने जा. विटांच्या रस्त्यावरून सायकल मात्र नको. पायांत बधिरपणा आला तर त्याच तासाला हॉस्पिटल.

मी विचारलं, उन्हाळा?

ती म्हणाली, मी तुमच्या जागी असते तर उन्हाळा धरून काही ठरवलं नसतं.

छान बोलली. हात धरला नाही, नजरही चुकवली नाही. पुण्यात मला बाहेर बाकावर बसवून श्रीकांतला आत बोलावलं असतं. मग त्याने बाहेर येऊन मला सांगितलं असतं, काही नाही गं, थोडी विश्रांती घ्यायची. आणि मी विश्वास ठेवल्यासारखं केलं असतं. इथे पेशंटलाच सांगतात. आता बाहेर जाऊन 'काही नाही' म्हणायचं काम माझ्याकडे.

पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या, म्हणाली.

गुरुवार, २३ जानेवारी

त्याला म्हटलं, आहे तसंच आहे. गोळ्या चालू ठेवायच्यात. सायकल पंक्चर आहे, असंही सांगून टाकलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

त्याने सायकल उलटी करून तपासली. पंक्चर नाही म्हणाला. हवा भरून ठेवलीय.

शनिवार, १ फेब्रुवारी

सफारीवाल्यांचा फोन. प्रतीक नावाचा मुलगा आहे, इंदूरचा, हिंदीत बोलतो. श्रीकांतने फोन स्पीकरवर टाकला. शाकाहारी जेवण वेगळं मिळेल का, तंबूत खुर्ची मिळेल का, स्वच्छतागृह किती लांब — सगळे प्रश्न माझ्यासाठीचे. स्वतःसाठी एकच — सूर्यास्ताला किती वेळ थांबता?

मग प्रतीकने विचारलं, "सर, मैडम को कमर का, गर्दन का कुछ प्रॉब्लेम तो नहीं? हो तो हम सीधे रास्ते से कैंप ले जाते हैं, दूसरी गाड़ी में."

श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं. त्याची ती नजर मला पाठ आहे — रिपोर्टचं पाकीट उघडतानाची. मी म्हटलं, "दुसरी गाडी घेऊ या का? वय झालं आता, कशाला धक्के खायचे?"

त्याने फोनवर हात ठेवला.

"डॉक्टर काही म्हणाली का?"

"नाही रे."

"मग का म्हणतेस?"

मी एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं की हल्ली तो बाथरूममध्ये जातो आणि नळ सोडतो. त्याला वाटतं मला ऐकू येत नाही. फोनवर हात ठेवून तो तसाच बसला होता, आणि तोंड असं झालं होतं की आता उठणार. मी पुढे वाकून प्रतीकला म्हटलं, "नहीं भैया, मैं एकदम ठीक हूँ."

नंतर श्रीकांत शीळ घालत भांडी घासत होता.

रविवार, २ फेब्रुवारी

हा माणूस सुधारणार नाही. सफारीला जाऊन आलेल्या अनोळखी लोकांचे अनुभव मोठ्याने वाचून दाखवतो. कोणा एका इंग्लिश बाईने लिहिलंय, जेवण सुमार, तारे अप्रतिम. उन्हाचे चष्मे आणले. डोक्याला बांधायचा लाल चौकटीचा रुमाल आणला आणि तो बांधून टेबलाशी आमटीभात जेवला. एरवी चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. आज घरातसुद्धा म्हटलं — अहो शेख, ताक वाढू?

इतका आनंदात गेल्या वर्षभरात नव्हता. मला कुठून तरी राग येतोय. कुणाचा, ते कळत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

शलाका श्रुतीला घेऊन आली. श्रुती आल्याआल्या माझ्या मांडीवर, आणि डचमध्ये — मीपण येऊ का वाळवंटात? मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते, आमचं छान चालतं. आज मांडीवर तिचं वजन घेतलं तेव्हा डोळ्यांपुढे काळं आलं. तिला खाली उतर म्हणवेना. शलाकाने पाहिलं.

श्रीकांत नातीला घेऊन बागेत गेला. शलाकाने दार लोटलं.

"आई, हॉस्पिटलच्या साइटवर तुझा रिपोर्ट मी वाचला."

पासवर्ड तिनेच करून दिला होता. विसरले मी.

"बाबांना सांगितलं नाहीस ना?"

"नाही."

"आणि जीपमध्ये बसणार आहेस? वेडी आहेस का तू? मी सांगते त्यांना. आत्ता."

"सांग. आज रात्रीपासून तो माझी नर्स होईल. औषधांचे डबे, उशा, थर्मामीटर. तू ओळखतेस त्याला. मला नर्स मिळेल गं, इथे फार चांगल्या मिळतात. नवरा कुठून आणू?"

ती म्हणाली, "तुला काही झालं तर ते स्वतःला माफ करणार नाहीत. त्यांनीच बुक केलंय सगळं. त्याचं काय करू मी?"

मी खिडकीतून बागेकडे बघितलं.

ती दोघं बागेतून आली. शलाकाने चहा टाकला. सांगितलं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

अंगाला चिकटवायची वेदनाशामक पट्टी आता दुप्पट. झोप नाही. शलाकाच्या प्रश्नाभोवती फिरतेय.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज सांगायचं ठरवलं होतं. भाजी चिरताना सांगू, मग जेवताना, मग बातम्या झाल्यावर. बातम्या झाल्या. तो म्हणाला, "सुहास, तुला माहितेय, इतकी वर्षं मी तुला नुसतं काचेतून दाखवलं. मला फार लागतं ते."

मी म्हटलं, बॅगेत स्वेटर ठेव, वाळवंटात रात्री थंडी असते.

पहिल्यांदा आजार कळला तेव्हा मी रोज रात्री हात जोडायचे. देवाला, आणि सवयीने मेरीमातेलाही. आता दोघांना त्रास देत नाही. काही मागायचं उरलेलं नाही. बरं व्हायचं नाही, हे ठरलंय. सांभाळून राहिले तर फक्त तेच जरा सावकाश होईल, खिडकीतून शेजाऱ्यांच्या कुंपणाची हेज बघत.

रविवार, १६ फेब्रुवारी. दुबई

बाहेर पडलो! काही कठीण नव्हतं. सरकतं दार उघडलं आणि आम्ही बाहेर. पंचवीस वर्षं एवढ्याच दारासाठी!

गरम वारा आला तोंडावर. श्रीकांत बॅगा सोडून नुसता उभा. मी म्हटलं, चल ना. म्हणाला, थांब गं जरा. टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.

खोलीत आल्यावर बूट त्याने काढून दिले. मला वाकता येत नाही, हे त्याला प्रवासाने आलंय असं वाटतं. उद्याचे कपडे खुर्चीवर नीट मांडून ठेवलेत त्याने, माझेही. झोपेत त्याचा हात माझ्या मनगटावर आहे. डाव्या हाताने वही धरून लिहितेय.

सोमवार, १७ फेब्रुवारी. दुपार

सकाळी उठले तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली माझा नव्हता. चिमटा काढला, कळलं नाही. आता डावाही जड होत चाललाय. कुठे आदळले नाही, पडले नाही. रात्रभर मऊ गादीवर उताणी झोपले होते. डॉक्टर म्हणाली होती, तसंच झालं. श्रीकांतचा दंड धरून नाश्त्याला गेले. त्याला वाटलं, लाडात आलेय. तो खाली जीपची वाट बघायला गेलाय, ती तीनला येईल. हॉस्पिटलला उद्या जाईन. आज नाही.

शलाका, माझ्या पाटल्या तुला. तन्मणी श्रुतीला, ती मागेल तेव्हा. पुरणयंत्र वृंदाला, तिच्या डब्यांना लागतं. पुण्याला चाललेल्या बॅगेतल्या साड्या माझ्या बहिणींनी वाटून घ्याव्यात, भांडू नये. ही वही तुझ्याजवळ ठेव, बाबांना देऊ नकोस. हे एक पान मात्र फाडून त्यांनाच दे. पाय जीपमुळे गेले नाहीत, हे त्यांना कळू दे. जीप यायच्या आधी लिहिलंय.