त्रेपन्नाव्या वर्षी करंट

५ जानेवारी, सकाळी ७.१०
आजपासून मी इलेक्ट्रिशियन. म्हणजे क्लास दहाला सुरू होतोय, पण मनाने मी कालच झालो. अठ्ठावीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळलं. मग कचेरीने तो विभागच गुंडाळला. लोक म्हणाले, आता आराम करा. आराम करोत माझे वैरी! आणि वीज म्हणजे तरी काय? एका तारेने आवक, दुसरीने जावक. शिकायचं असं फारसं उरलेलं नाही.

बायकोचं म्हणणं, मिक्सरचा प्लग लावतानासुद्धा मी डोळे मिटतो. ते एकाग्रतेसाठी.

५ जानेवारी, दुपारी
वर्गात अकरा जण. शिकवणाऱ्या मॅडम जेमतेम तिशीच्या. अनुभव कमी पडणार. पहिल्या पाच मिनिटांत तीन अवघड प्रश्न विचारले. मॅडम म्हणाल्या, "काका, मी आधी हजेरी घेऊ का?"

शेजारी एक शिंपी बसतो. माझ्याच वयाचा. मशीनचं पायडल मारून मारून गुडघे गेले म्हणून धंदा बदलतोय. बोलणं शून्य. तार हातात घेऊन नुसता बघत बसतो. बिचाऱ्याचं कसं होणार?

२० जानेवारी
आज जिन्याचा दिवा. खालच्या बटणाने लावायचा, वर गेल्यावर वरच्या बटणाने बंद करायचा. माझा खालच्याने लागला, वरच्यानेही लागला, बंद मात्र कशानेच होईना. मॅडमना म्हटलं, अंधारात पाय घसरण्यापेक्षा बरं. सगळा वर्ग हसला. मी लोकप्रिय होत चाललोय.

शिंप्याचा दिवा दोन्हीकडून चालू-बंद होत होता. नशीब एकेकाचं.

२ फेब्रुवारी
मुलगी स्वतःचा दाताचा दवाखाना काढतेय. एक मार्चला उद्घाटन. जेवताना जाहीर केलं, वायरिंग मी करणार. मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बायको म्हणते ते आनंदाचं नव्हतं. बापलेकीचं नातं बायकोला कधी कळलंच नाही.

मुलीने एवढंच सांगितलं की पेशंटच्या खुर्चीला हात लावू नका, खुर्चीवाली कंपनीच जोडणी करून देणार आहे. बाकी दिवे, पंखे, बेल माझ्याकडे. शिवाय पहिल्या पेशंट विहीणबाई. मुलीच्या सासरी माझी छाप पडायला हीच वेळ.

१४ फेब्रुवारी
लेखी परीक्षेत पहिला! शंभरात ब्याण्णव. शिंप्याला एकेचाळीस. त्याला धीर दिला. म्हटलं, घाबरू नकोस, पुढे माझ्या हाताखाली घेईन. तो "बरं" म्हणाला.

प्रॅक्टिकल महिनाअखेरीस. ती औपचारिकताच.

२२ फेब्रुवारी
दवाखान्यात चौथा दिवस. काम झपाट्याने. बेलचं बटण दाबलं की पंखा सुरू होतो. आत बसल्या बसल्या नुसत्या वाऱ्यावरून कळतं की बाहेर कोणीतरी आलंय. मुलगी कपाळाला हात लावून बसली होती. दगदग होते पोरीची.

किरकोळ झटका बसला. स्टुलावरून खाली आलो. उतरलो नाही, आलो.

२६ फेब्रुवारी
मुलीचा फोन. दोन दिवस रंगारी येणार आहेत, वासाने डोकं चढेल, तिकडे फिरकू नका. किती काळजी! तशीही माझी विश्रांती थकली होती.

२८ फेब्रुवारी
प्रॅक्टिकल झालं. माझ्या बोर्डातून धूर आला. मॅडमनी सहा महिन्यांनी पुन्हा बसायला सांगितलं. परीक्षेच्या हॉलमधलं व्होल्टेज सदोष असणार. शिंपी पास. त्याच्या टेबलावर व्होल्टेज बरं होतं.

घरी एवढंच सांगितलं की निकाल विचाराधीन आहे.

१ मार्च, संध्याकाळी ६
उद्घाटन! सविस्तर लिहितो.

सकाळी अकराला सगळे जमले. बेल वाजली. चक्क बेलच वाजली! काम मुरलं की आपोआप सुधारतं, हा माझा सिद्धान्त खरा ठरला.

मुलीने विहीणबाईंना खुर्चीत आडवं केलं. डोकं खाली, पाय वर. ठसा घ्यायला तोंडात मसाला भरलेला साचा बसवला. एवढ्यात बाहेरच्या खोलीतला एक बल्ब मला सैल वाटला. काम करायच्या आधी वीज बंद, हा पहिला नियम. पॅसेजमध्ये वरती मेन स्विच आहे. स्टुलावर चढून बंद केला. बल्बला हात घालणार, तेवढ्यात आतून मुलगी ओरडली, "बाबा, लाइट गेली!"

हीच ती घटका! सगळं टाकून आत धावलो. खुर्ची अडकलेली. विहीणबाईंचे पाय छताकडे. जावई हवालदिल. मी म्हटलं, कोणी घाबरू नका, मी आहे. मुलगी आणखी घाबरली.

दोन बोर्ड उघडले. आतले जोड बघून मलाच भरून आलं. एकसारखे, घट्ट, नीट गुंडाळलेले. इतकं सुबक केल्याचं आठवतही नव्हतं. कामात मी स्वतःला किती विसरतो!

विहीणबाई सारख्या दाराकडे बोट दाखवून "ए ई! ए ई!" करत होत्या. मी नमस्कार करून म्हटलं, कौतुक नंतर.

पाच मिनिटांनी मुलीने साचा काढला. विहीणबाईंचे पहिले शब्द, "अहो, तो मेन तुम्हीच बंद केलात की! स्टुलावर चढून! मी इथून बघत होते!"

मागे पाहुण्यांत शिंपी उभा होता. त्याला कोणी बोलावलं कोण जाणे. तो गेला, स्विच वर केला. खुर्ची सरळ झाली.

विहीणबाईंना समजावलं की आणीबाणीची तालीम होती. त्या म्हणाल्या, पुढच्या तालमीला तुमच्या सौभाग्यवतींना आडवं करा.

६ मार्च
आज शिंप्याने सहज विचारलं, दवाखान्यातले दिवे ठीक चाललेत ना? म्हटलं, तुला काय पडलीय? तो म्हणाला, तुमच्या मुलीने मॅडमना विचारून मला बोलावलं ना, दोन दिवस लागले सगळं काढून परत घालायला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. तुम्हाला ठाऊक आहे असं वाटलं, म्हणाला.

रंगारी आलेच नव्हते.

तडक दवाखान्यात गेलो. खडसवणार होतो. मुलगी एका म्हाताऱ्याच्या दाढेवर वाकली होती, वरचा दिवा बरोबर दाढेवर पडत होता. बाहेर येऊन म्हणाली, "काय झालं बाबा?" म्हटलं, काही नाही, उजेड छान आहे. तिला कळलं. म्हणाली, तुम्ही इतक्या हौसेनं केलं होतं, तोंडावर सांगवेना हो. मग बाप नापास झालाय, हेही सांगून टाकलं. तिला तेही ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

९ मार्च
शिंप्याच्या घरी गेलो. म्हटलं, मला शिकव. कुठून सुरू करू, त्याने विचारलं. म्हटलं, जोडापासून. तो म्हणाला, त्याआधी तार सोलायला शिका. वरचं प्लॅस्टिक काढायचं, आतल्या तांब्याला ओरखडा नको.

दीड तासात नऊ तारा सोलल्या. सात तुटल्या. दोन चांगल्या निघाल्या.

त्यातली एक शिंप्याने धरली होती.