भिंतीतल्या कॉकची मूठ

मी हमराकूल, यूल्दाश यांचा थोरला मुलगा, वय चौऱ्याहत्तर, धंदा गॅसचे नळ जोडण्याचा, राहणार मर्गिलान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, कोणी भरीस घातलेलं नाही. अक्षर हलतं ते वयामुळे.

१. घर आणि अंगण धाकटा मुलगा बोतिर याला. रीतच आहे ती. थोरल्याने नाक मुरडू नये, त्याला ताश्कंदमध्ये फ्लॅट घेऊन दिला आहे.

२. हत्यारं जावई नोदिरला. मोठा पाना शेजारच्या कराबोयने नेलाय. "कुठला पाना?" असं तो म्हणेल. त्याच्या खुराड्याच्या दाराला अडसर म्हणून लावलाय तो.

३. पुलावाची मोठी कढई धाकटा भाऊ सोतीबोल्दी याला. तेवीस वर्षांपूर्वी आपल्या मुलीच्या लग्नात त्याने पुलाव परक्या आचाऱ्याकडून करवला. मी म्हटलं, "मी मेलो होतो का?" तो म्हणाला, "दादा, तुझी कंबर धरली होती, म्हणून रे." मी अबोला धरला.

४. सोतीबोल्दीच्या भिंतीतल्या शेकोटीला गॅसचा नळ मीच ओढून दिला होता, माझ्या घरातून, मधल्या भिंतीला भोक पाडून. कॉक, म्हणजे गॅस बंद-चालू करायची तोटी, माझ्या बाजूला ठेवला. आई धाकट्याकडे असायची, शेकोटीपुढेच तिचं अंथरूण. त्या हिवाळ्यात एका दुपारी मी रागाने कॉक बंद केला. तासाभराने पलीकडून आईचा खोकला ऐकू आला, म्हणून उघडला. "गॅस आलाय, चावी बघा" एवढंच ओरडायचं होतं. अबोला होता, ओरडलो नाही. शेकोटी विझलेली, तिची चावी उघडीच. आईला सर्दी होती, वास कळला नाही. थंडी वाजली म्हणून तिने काडी ओढली.

त्या हिवाळ्यात गॅस सारखा जायचा-यायचा, कोणाला शंका आली नाही. गल्लीतले लोक सोतीबोल्दीला म्हणाले, "गॅस गेला तर आधी चावी बंद करावी, एवढं कळू नये?" मीही म्हणालो, "कळायला हवं होतं."

तेव्हापासून त्याने शेकोटी पेटवलेली नाही. दर ईदला कबरीपाशी "आई, माझं चुकलं" म्हणतो. मी शेजारी उभा असतो. आता काही वाटत नाही, हे लिहितानाही नाही.

सोती, त्या दिवशी गल्लीतला गॅस गेलाच नव्हता.

५. आई गेली त्याच संध्याकाळी कॉक बंद करून मी त्याची मूठ काढली. चहाच्या जुन्या डब्यात आहे. ती सोतीबोल्दीच्या हातात द्यावी.

६. जनाज्यापुढे इमाम विचारतील, "हा माणूस कसा होता?" सगळे "चांगला होता" म्हणतात, कोणाबद्दलही म्हणतात. त्याआधी बोतिरने कलम चार काकाला वाचून दाखवावं आणि उत्तर काकालाच देऊ द्यावं. तो गप्प राहिला तर कोणी त्याला ढोसू नये. तसंच पुरावं.

सही: हमराकूल

साक्षीदार, मजकूर न वाचता, फक्त सही होताना पाहिलेले:
कराबोय मामातोव
ओयदिन सलोमोवा

मर्गिलान, ११ फेब्रुवारी २०१९