सुरतेची खोकी

॥ श्री ॥
पिंप्राळा, जळगाव
२९ सप्टेंबर १९९४

ती. अक्कास पंडितचा सा. नमस्कार. वि. वि.

बरे आहोत म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तू रडत बसशील. तुझ्या भावजयीच्या किडन्या गेल्यापासून घरीच तिच्या पोटातल्या नळीतून पिशवीतलं औषधी पाणी आत सोडतो आणि शरीरातली घाण घेऊन ते परत काढतो, हे तू पाहिलंच आहेस. द्रौपदा त्या पाण्यावरच जगते आहे. पिशव्या येतात सुरतेहून, आणि तिथे प्लेग. सुरतेचा माल इकडे कोणी उतरवून घेत नाही. म्हणून तिथून पिशव्या पाठवणाऱ्या तोतारामने खोकी एका ट्रकवाल्याबरोबर धुळ्याला तुझ्याकडे पाठवली आहेत. नीट सांभाळून ठेव. दाजींनी ती इथवर आणून दिली तर फार बरं होईल, मला हिला सोडून निघता येत नाही. घरातला साठा संपत आला आहे.

द्रौपदा म्हणते, पथ्य गेलं खड्ड्यात, अक्कांच्या हातची कळण्याची भाकर खायची आहे.

मुलांना आशीर्वाद, तुझी माया आहेच.
पंडित

॥ श्री ॥
धुळे
३ ऑक्टोबर १९९४

चि. पंडित व चि. सौ. द्रौपदास अनेक आशीर्वाद.

खोकी पोचली आणि गल्लीत गहजब झाला. वच्छलाबाई दारात येऊन म्हणाली, सुरतेचा रोग घरात घेता का. मी तिला चांगलं सुनावलं. पण मनात आलं, आपली द्रौपदा आधीच नाजूक, तिच्या पोटात ही सुरत कशाला जायला हवी?

मग कंबर कसली. खोकी अंगणात जाळली. एकेका पिशवीवरचं प्लास्टिक फाडलं, नळीच्या टोकाचं बूचसुद्धा काढलं, आणि कडुलिंबाच्या कढत पाण्यात एकूणएक बठ्ठ्या पिशव्या चोळून धुतल्या. खाटेवर उन्हात वाळवल्या. माझ्या नव्या लुगड्यात बांधून यांच्याबरोबर पाठवते आहे. द्रौपदाला म्हणावं, नणंद तोंडाची फाटकी असली तरी कामाला तीच आली.

भाकर बांधली आहे. तिलाच दे, तू खादाड आहेस. आणि अक्काला विसरू नका.
यशोदा

पिंप्राळा
२५ ऑक्टोबर १९९४

अक्का,

तेराव्याला तू ज्याला त्याला विचारत होतीस, चांगली होती, अचानक काय झालं? ते आज लिहितो.

दाजींनी गाठोडं सोडलं तेव्हाच मला कळून चुकलं. ते प्लास्टिक आणि ते बूच, हेच त्या पिशवीचं सोवळं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, एकही वापरू नका. माझ्याने फेकवल्या नाहीत. नव्या पिशव्यांसाठी मुंबईच्या कंपनीला फोन केले, ते माल निघतोय म्हणत राहिले. तिच्या अंगावर सूज चढली, आडवं झालं की दम लागे. मी स्टेशनवर पार्सल बघायला गेलो होतो, तेवढ्यात तिने तू धुतलेल्यांतली एक पिशवी स्वतःच लावून घेतली. दुसऱ्या दिवशी पोटातून पाणी निघालं ते पेजेसारखं गढूळ. मग ताप, आणि पुढचं तुला माहीतच आहे.

मुंबईची खोकी तिच्या दहाव्याला आली. ओसरीवर पडली आहेत.

अक्कांना कळू देऊ नका, त्यांनी मायेने केलं, अशी तिने मला शपथ घातली होती. मी ती पाळलीही असती. पण निघताना तू त्या खोक्यांकडे बघून बायकांना सांगत होतीस की, मी धुतल्या तशा पिशव्या मिळत राहिल्या असत्या तर पोर वाचली असती. ते मला सहन झालं नाही.

तुझं लुगडं धुऊन दाजींकडे दिलं आहे. भाऊबीजेला माझी वाट बघू नकोस.

पंडित