तुळशीतल्या गोळ्या

अहो,

तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. पहिल्या यष्टीनं परभणीला तुमच्या डॉक्टरांकडे जायलेय. दुपारपासून विद्यापीठाच्या नामांतराचा बंद आहे म्हणायलेत, परतीची गाडी मिळेल का नाही देव जाणे.

भाकरी आणि मेथीची भाजी झाकून ठेवलीय. शुगरची गोळी घेतली की लगेच जेवा, मागच्यासारखं पेपर वाचत बसू नका. चहात गूळ टाकलात तर मला कळतं.

खाटेवरून एकदम उठू नका. आधी पाय खाली सोडून बसा, अंधारी गेली की भिंत धरून उभे राहा.

डॉक्टर तुम्हाला खुर्चीत बसवून प्रेशर मोजतात आणि गोळी वाढवून देतात. गोळी घेऊन उभं राहिल्यावर कशी अंधारी येते ते त्यांनी कधी बघितलंच नाही. आज तेच सांगणार आहे. पण ते पुन्हा ‘पेशंटला घेऊन या’ म्हणतील, आणि तुम्हाला यष्टीत चढवणार कोण? लय वाळलात, तरी परवा न्हाणीत पडलात तेव्हा मला उचलता आलं नाही. दूधवाला येईपर्यंत दोघंही ओल्या फरशीवर बसून होतो.

प्रेशरच्या गोळ्या तुम्ही अधूनमधून तुळशीत पुरायलात. पाणी घालताना मला दिसतात. कधी बोलले नाही.

आजचीही खुशाल पुरा. पडलात तर आज शेजारी बसायलासुद्धा मी नाही.

अनसूया