सव्वीस नंबरच्या खोलीची चिठ्ठी

पप्पा, तुझ्या त्या गरिबांना मदत करणाऱ्या सोसायटीवाल्यांनी येत्या रविवारी मला चर्चच्या हॉलमध्ये तुझ्याबद्दल चार शब्द बोलायला बोलावलं आहे. सोसायटी सुरू होऊन खूप वर्षं झाली म्हणून कार्यक्रम आहे. जुन्या सभासदांचे, म्हणजे तुमच्या ब्रदर लोकांचे फोटो लावणार आहेत आणि तुझा म्हणे मधोमध. फोटो मी दिलेला नाही. त्यांच्याकडेच होता, चर्चच्या कुठल्याशा फेस्ताच्या, सणाच्या वेळचा. तू चहाची किटली धरून उभा आहेस आणि तोंडभर हसतो आहेस. आपल्या घरातल्या एकाही फोटोत तू असा हसलेला नाहीस. तो बघितला आणि माझं डोकं फिरलं. तुला जाऊन तीस वर्षं होत आली, तरी माझं डोकं फिरवायची तुझी हातोटी काही गेलेली नाही.

बोलावणं घेऊन कंडक्टर अंकल आले होते. तुझे जोडीदार. ऐंशी कधीच ओलांडली, हातात काठी आली, पण लिफ्टमधून उतरताना अजून बसमधून उतरल्यासारखे दांडा शोधतात. आपली चाळ पाडली तिथेच आता हा टॉवर आहे आणि मी अकराव्या मजल्यावर राहते, हे तुला सांगायचं राहिलंच. अंकल खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "तू बोल गं. दोन मिनिटं बोल, पण बोल. तुझ्या पप्पासारखा माणूस नाय झाला आपल्या एरियात. सेंट होता तो, सेंट." मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. घरात सेंट असला की बाकीच्यांना काय काय निस्तरावं लागतं, ते चहाबरोबर सांगण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून रोज भाषण लिहायला बसते आहे आणि रोज त्याचं हे असं तुझ्याशी भांडण होतं आहे.

तुमची सोसायटी म्हणजे काय, हे त्या हॉलमधल्या नव्या पोरांना सांगायला हवं, म्हणून आधी तेच लिहायला घेतलं होतं. चर्चमधली वीसेक पुरुष माणसं. बहुतेक गिरणीतली, एक शिंपी, एक बँकेतला शिपाई, एक हे कंडक्टर. रविवारी आठची मिस्सा झाली की चर्चमागच्या खोलीत जमायचं, प्रार्थना करायची, चहा-खारी खायची आणि मग दोघादोघांनी गरिबांच्या घरी जायचं. तो चर्चला येणारा आहे की देवळात जाणारा, हे बघायचं नाही. ज्याचं कोणी नाही त्याच्या शवपेटीला खांदा द्यायचा, हॉस्पिटलात कोणाला रक्त लागलं तर रांग लावायची. एवढं लिहिलं की मलाही तुझं कौतुक वाटायला लागतं, आणि मग तुमचे ते नियम आठवतात. दारात उभं राहून विचारपूस करायची नाही, आत बसायचं, निदान पाणी तरी प्यायचं. कोणाच्या घरी गेलो ते बायकोलासुद्धा सांगायचं नाही. फादर जी चिठ्ठी देतील तिच्यावर नाव नाही, फक्त चाळ आणि खोलीचा नंबर. चिठ्ठी उघडायची ती त्या गल्लीत पोचल्यावरच. ज्या जोडीला जी गल्ली, ती त्यांनीच करायची, अदलाबदल नाही. आणि मदतीचा निरोप फादरांपर्यंत कोणी पोचवला, हे कधी विचारायचं नाही. बाकीच्यांचे बाप सणासुदीला गाणी म्हणायचे, तू आम्हाला नियम म्हणून दाखवायचास.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तू म्हणालास, दोन महिन्यांत मिटतो. तू साचेखात्यात मागावर, आणि मम्मीची घरात खानावळ. गाववाले अकराजण आपल्या सव्वीस नंबरच्या खोलीत पंगतीला बसायचे, दोन पाळ्यांचे. दोन महिन्यांनी एकेकजण पिशवी भरून कोकणात जायला लागला. एक गेला की मम्मी एक ताट कमी मांडायची. वर्ष उलटलं तेव्हा पंगतीला आपण चौघेच उरलो होतो, तू, मम्मी, मी आणि धाकटी, आणि मम्मी दिवसभर खिडकीपाशी बसून ब्लाऊजना हूक लावत होती. आणि तू? संप जसा लांबला तशा तुमच्या चिठ्ठ्या वाढल्या. पूर्वी रविवार जायचा, आता बुधवार गेला, शनिवार गेला. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात; तुझ्या बाबतीत पहिल्या दोन शब्दांचाही पत्ता नव्हता.

मम्मी आम्हाला पेज वाढायची आणि स्वतः मोरीपाशी उभी राहून पेजेवरचं पाणी प्यायची. विचारलं की म्हणायची, "मी मगाशीच जेवलंय." तू कोणाकोणाच्या घरी तांदळाच्या पिशव्या वाहून दुपारी परत यायचास. पिशव्यांच्या शिवणीतून सांडलेले चार दाणे तुझ्या शर्टाच्या खिशात अडकलेले असायचे. ते तू वेचून काढायचास आणि खिडकीत चिमण्यांना टाकायचास. एकदा मम्मी म्हणाली, पेजेत टाक. तू म्हणालास, "ते आपले न्हय." मूठभरसुद्धा नव्हते रे. मम्मीने तुला सांगितलं नाही असं नाही. तांदळाचा डबा तुझ्यासमोर उपडा करून पुसला. तू म्हणालास, "देव बघता." आणि चप्पल घालून सोसायटीत गेलास.

आता त्या रविवारबद्दल. लेंट, ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू होऊन एकच आठवडा झाला होता. माझी दहावीची परीक्षा तोंडावर होती आणि मी पलंगावर भूमितीचं पुस्तक घेऊन बसले होते. दार सताड उघडं होतं. तू आणि कंडक्टर अंकल आलात. मला वाटलं चहाला आलात, आणि चहापत्ती नाही म्हणून मी मम्मीकडे बघितलं. पण तू उंबऱ्याबाहेर थांबलास आणि आपल्याच घराच्या उघड्या दाराची कडी वाजवलीस. अंकल खाली आपल्या बुटांकडे बघत होते. गल्लीत चिठ्ठी उघडली तेव्हा काय झालं, ते त्यांनी बोलावणं द्यायला आले तेव्हा मला सांगितलं. ते म्हणाले होते, "अरे, ही तर तुझीच खोली. चल, परत जाऊन चेंज करून घेऊ, दुसरी जोडी येईल." आणि तू म्हणालास, "दुसरी जोडी येवन माझो डबो उघडून बघतली? चल वर." फादर नवे होते, वसईकडून येऊन तीन महिने झालेले, सव्वीसमध्ये कोण राहतं हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. तुला ठाऊक होतं. तरी तू आलास, आणि नियमाप्रमाणे आलास.

खानावळीच्या स्टुलावर तू पाहुण्यासारखा बसलास. मम्मीने दोन ग्लास पाणी आणून ठेवलं. तू कागद मांडीवर घेतलास आणि विचारायला लागलास.

"घरात माणसां किती?"

मम्मी तुझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चार."

"कमावता कोण?"

"एक आसा. तो संपार आसा. आयतवारी लोकांच्या घरी तांदूळ पोचयता."

अंकलना ठसका लागला. तू लिहीत होतास. मला अजून कळत नाही, तू काय लिहीत होतास.

"पोरां जेवतत?"

"पेज जेवतत."

"आणि बाईमाणूस?"

"तुमच्या कागदार ता लिवूक जागा आसा?"

तेव्हा तू पेन थांबवलंस. चिठ्ठीत नाही ते, नियमात नाही ते, तू त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं विचारलंस. "फादराकडे कोण गेल्लो?"

मग मम्मी म्हणाली, "मी गेल्लंय."

तू पाणी संपवलंस, उठलास, नियमाप्रमाणे 'नमो मरिया' म्हटलंस, मम्मीला आणि मलाही बरोबर म्हणायला लावलंस आणि निघून गेलास. पुढच्या रविवारी सोसायटीत दिलेल्या तुझ्या कागदावर काय होतं तेही अंकलनी सांगितलं. गरज आहे, पण थांबता येण्यासारखी. खाली दोघांच्या सह्या. आपली पिशवी समोरच्या खोलीत गेली, त्यांच्याकडे म्हातारं माणूस आजारी होतं, हे मला मान्य आहे. पण ती तू स्वतः खांद्यावर घेऊन आपल्या दारावरून नेलीस, आणि मम्मी दारातच हूक लावत बसली होती. तिने पाय आत घेतले, तुला वाट करून दिली. हे मी हॉलमध्ये सांगू का? सेंट होता म्हणून टाळ्या वाजवतील ते यावरही.

आणि मग तू मम्मीशी बोलणं टाकलंस. लोक लेंटमध्ये मटण सोडतात, तू बायको सोडलीस. ताट पुढे आलं की जेवायचास, तेर्साची जपमाळ म्हणताना तिच्या शेजारी गुडघ्यावर बसायचास, पण शब्द नाही. काही हवं असलं की धाकटीला सांगायचास, "मम्मीक सांग." ईस्टरच्या मिस्सेनंतर बोलायला लागलास, पण ते मिठाचं आणि किल्लीचं बोलणं. गिरणीने तुला परत घेतलं नाही, तू दादरला एका बिल्डिंगच्या गेटवर बसायला लागलास, माझं लग्न झालं, धाकटीचं झालं, आणि तुम्ही दोघं त्या खोलीत मिठाचं आणि किल्लीचं बोलत राहिलात. तू गेल्यावर मम्मी आणखी नऊ वर्षं होती. त्या रविवारचा विषय तिने कधी काढला नाही. मी तुला मनातल्या मनात इतकी वर्षं झोडपलं ते या अबोल्यासाठी. उपाशी ठेवलंस त्यासाठी नाही, उपाशी तर तूही होतास.

बोलावणं देऊन अंकल उठता उठता परत बसले. म्हणाले, "एक गोष्ट बोलू? मी त्या कागदावर सही केली ते माझ्या डोक्यातून जात नाय. पण तुझ्या पप्पाला राग इज्जतीचा नव्हता हां. दोन-तीन वेळा बसस्टॉपवर बोलला मला. म्हणे, माझ्याकडे का नाय आली ती? परक्या फादरला जाऊन सांगितलं, मला का नाय सांगितलं? मी एवढा लांबचा झालो काय? लास्टपर्यंत तेच धरून बसला. मी बोललो, विचार ना तिला. तर म्हणतो, एकदा विचारलं तीच चूक झाली, नियम नाय."

पप्पा, काय म्हणावं तुला. तांदळाचा उपडा डबा म्हणजे सांगणं नव्हतं का? आणि नसेल कळलं, तर घरात तोंड उघडायला कोणत्या सोसायटीची बंदी होती? एका प्रश्नाचं काम होतं. तू तो प्रश्न बसस्टॉपवर एका कंडक्टरला विचारलास आणि घरी येऊन गप्प बसलास. अंकल गेले आणि मी रिकाम्या खुर्चीला मोठमोठ्याने बोलले, इतका वैताग आला.

पण मम्मी तुला उत्तर कुठून देणार होती? फादरांकडे ती गेलीच नव्हती. मी गेले होते. गुरुवारी शाळा सुटल्यावर, युनिफॉर्मवर. फादर चर्चच्या अंगणात सायकलची चेन बसवत होते. लाज वाटली म्हणून मी तुझं नाव सांगितलं नाही, चाळ आणि सव्वीस नंबर एवढंच सांगितलं, आणि ते म्हणाले, नाव आम्ही लिहीतच नाही, बाळ. तू विचारलंस तेव्हा मम्मीने आधी माझ्याकडे बघितलं. तिला त्या क्षणापर्यंत काही माहीत नव्हतं आणि त्या क्षणी सगळं कळलं. ती "मी" म्हणाली, आणि मी पुस्तकाचं पान उलटलं.

गुड फ्रायडेला मी तिला विचारलं होतं, पप्पाला सांगू का? ती म्हणाली, "गप ऱ्हव. माझ्यार रागावलो तरी तो घराक येतलो. तुझ्यार रागावलो तर तेचा काळीज फुटतला." मला ते बरंच वाटलं, खरं सांगायचं तर. परीक्षा झाली, निकाल लागला. त्यानंतर तू बारा वर्षं होतास आणि मम्मी त्याहून जास्त, आणि मी सांगितलं नाही. कन्फेशनमध्येसुद्धा नाही.

रविवारी अंकल पहिल्या रांगेत बसतील. मी तुझी किटली सांगेन, खांद्यावरच्या पेट्या सांगेन, रक्ताच्या रांगा सांगेन, सगळं खरंच आहे. भाषणाचे तीन कागद लिहून झाले आहेत. आत्ता परत वाचून बघितले. त्यात मम्मी कुठेच आलेली नाही.