पुलाची रांग आणि मीराची नोकरी

१४ नोव्हेंबर २००५, संध्याकाळ

इथल्या अमेरिकेतल्या विद्यापीठाने माझ्या मीराला कायम केलं नाही. पुढच्या मेनंतर नोकरी नाही. का, तर शोधनिबंध कमी! मेक्सिकोहून येणारी पोरं सरहद्दीच्या पुलावर रांगेत अडकतात, म्हणून ही त्यांच्यासाठी लेक्चर संध्याकाळी पुन्हा घेते. ते कुठेच धरत नाहीत. मी चिडून म्हटलं, "अगं, त्या वेळात पेपर लिहिले असतेस तर!"

"बाबा, पूल अडला तर पोरांनी उडत यायचं का?"

शाळेतली एखादी कविता म्हणून तिची समजूत काढावी, तर एक ओळ धड आठवेना. तो मेला पूलच डोळ्यांपुढे.

तेवढ्यात फोन. कुणी विद्यार्थिनी पुलावर अडकलेली. मीरा इंग्रजीत म्हणाली, सावकाश ये, तू आल्यावरच सुरू करते.

काय म्हणावं हिला? वर्गावर निघताना तिला गाडीची किल्ली सापडत नव्हती, ती मात्र मीच शोधून दिली.