मिरचीशिवायचं देवपूर

११ जानेवारी, रविवार

भरीत पार्टीला जायलाच नको होतं! धाकट्या दिरांनी, निंबाभाऊजींनी, मळ्यात बोलावलं, फार आग्रह केला, म्हणून गेलो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली, कळण्याच्या पुऱ्या, सगळा थाट. यांनी बोटाच्या टोकाएवढं भरीत जिभेवर ठेवलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. कुणाशी न बोलता जाऊन गाडीत बसले. मीही ताट सोडून उठले.

गालाचं ऑपरेशन झालं, नाशिकला रेडिएशनचे शेक घेतले, गाठ गेली. त्याबद्दल देवाचे पाय धरते. पण तोंड आतून पार सोलून निघालंय. मिरचीचा कण चालत नाही. दूधभात, वरणभात, परत दूधभात. कंटाळून आता तोंडच उघडत नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय — "महिनाभरात वजन वाढलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल."

आणि मी कोण? जिच्या काळ्या मसाल्यावर अर्धं देवपूर जेवतं ती! माझ्याच हातचं माझ्या नवऱ्याला चालत नाही. कुणाला सांगू?

१४ जानेवारी

पुण्याहून ऋतिकाचा फोन. मी नेहमीसारखी रडले. ती वैतागून म्हणाली, "आई, अर्धं जग मिरचीशिवाय जेवतं! तुझ्या कॉलनीबाहेरचे बोर्ड तरी वाच. इटालियन काय, लेबनीज काय. बाबांना घेऊन जा ना!"

पोरीला अक्कल आहे. माझ्यावर गेली आहे.

१६ जानेवारी

गेलो. हे येईनात — "लोके देखतीन." म्हटलं, देखू द्या. तोंड वाकडं झालंय, कुणाची चोरी केलेली नाही!

कॉलेजरोडवर हितेंद्रचं कॅफे आहे. पोरगा हुशार, बोलायला गोड. दुपारी गिऱ्हाइक नसतं तेव्हाच गेलो. त्याला दहादा बजावलं — मिरची नाही, तिखट नाही, काळी मिरीसुद्धा नाही. पांढरा पास्ता आला. दिसायला दुधातल्या शेवया. यांनी एक चमचा घेतला आणि दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

मी तडक आत घुसले. हितेंद्र कपाळाला हात लावून — "आईची शपथ काकू, मिरची टाकलीच नाही!" खरंच टाकली नव्हती. पण कढई! सकाळपासून जिच्यात शेवभाजी होत होती तीच पुसून घेतलेली, कडेला लाल तेल अजून चमकत होतं. इटलीचं जेवण खानदेशच्या कढईत केल्यावर दुसरं काय होणार? असा पट्टा सोडला मी की त्याचा आचारी मागच्या दारानं बाहेर गेला.

हे मात्र हातानं खुणावत होते, राहू दे, राहू दे. हितेंद्रनं थंड दूध आणून दिलं. घरी आल्यावर मला वाटलं, संपलं. आता हे कुठे येणार नाहीत.

१७ जानेवारी

सकाळी दारात हितेंद्र! हातात कोरा पॅन. "काका, याच्यात फक्त तुमचं शिजेल. दुसऱ्या कुणाचं नाही. संध्याकाळी या."

त्याला आत बसवलं. चहा टाकला.

संध्याकाळी गेलो. अर्धी प्लेट खाल्ली! मी विचारलं, कसंय? "मस्त शे." हॉटेलात बसून रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी मेनूकार्ड तोंडासमोर धरलं.

२३ जानेवारी

आज शेहजादकडे. हा कुवेतला हॉटेलात होता, आता पुलाच्या अलीकडे स्वतःचं टाकलंय. बोर्डावर 'लेबनीज'. त्यानं हमूस दिलं. हरभरे शिजवून वाटलेले, त्यात तीळ, लिंबू, वर तेल. मी म्हटलं, "बाबा, हे तर थंड पिठलं! फोडणी द्यायची विसरलास." तो हसून लोटपोट. "काकी, कुवेतमध्ये असं बोलला असता तर शेखनं हाकललं असतं!"

लिंबू झोंबेल म्हणून यांच्यापुरतं वेगळं केलं, लिंबाशिवाय. दोनदा वाटून आणलं. "चाचांच्या घशात कण राहायला नको." त्याची अम्मी हसीनाबी आतून आल्या आणि यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. वाटी रिकामी होईपर्यंत हलल्या नाहीत. माझं ऐकत नाहीत, पण त्यांच्यासमोर मुकाट्यानं सगळं संपवलं!

"भारी लागनं," म्हणाले.

२४ जानेवारी

परत हमूस. स्वतःहून म्हणाले, चल.

३१ जानेवारी

थाई. नवीनच जागा, नुसते दिवे. नारळाच्या दुधातलं काहीतरी, मिरची काढायला सांगून. मी चाखलं — खीर बिघडली तर असं लागेल. यांना विचारलं. "एक नंबर."

आता मला जरा रागच येऊ लागलाय. एसटीच्या शिरपूर गाडीवर आयुष्य गेलं यांचं, हायवेच्या एकेका ढाब्याला नावं ठेवणारा माणूस. माझ्या भाज्यांना तर लग्नापासून बोल लावलेत. आणि आता इटलीवाला पास, कुवेतवाला पास, थायलंड पहिल्या नंबरानं पास! मीच तेवढी नापास? आज तोंडावर बोललेच. हे हसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. असं कधी करत नाहीत.

मेली माझी जीभ. माणूस खातोय ना? गप बसावं.

५ फेब्रुवारी

घरीच सूप केलं, भोपळ्याचं, हितेंद्रनं शिकवलं तसं, साय घालून. "हॉटेलपेक्षा भारी."

दिवसभर गाणं गुणगुणत होते. मी हो, हे नाही.

७ फेब्रुवारी

मिरच्या निवडायला घ्यायला हव्यात, मसाल्याचे निरोप यायला लागले. कांडपाचा खकाणा यांना सोसायचा नाही. यंदा करत नाही म्हणून सगळ्यांना सांगितलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं. फारसं नाही वाटलं.

१२ फेब्रुवारी

नाशिक. वजन वाढलं! नळी नाही!! डॉक्टर म्हणाले, "असंच चालू ठेवा." मी त्यांना सगळं सांगत सुटले — पास्ता, हमूस, कोरा पॅन. ते ऐकत होते, मग यांच्याकडे वळून म्हणाले, "आणि चव?" हे पटकन — "फर्स्ट क्लास." डॉक्टर यांच्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग गोळ्या लिहून दिल्या.

येताना पेढे घेतले. आधी हितेंद्र, मग शेहजाद. हसीनाबींनी यांच्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. यांचं वय सत्तरीकडे, पण लहान पोरासारखे उभे राहिले.

ज्या रस्त्यानं मी रोज खाली मान घालून भाजी आणायची, त्याच रस्त्यावर एवढी माणसं आपली होती. सगळ्यांचं भलं होवो.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज कुठे गेलो नाही. साधा वरणभात. दुसऱ्याच घासाला थांबले आणि म्हणाले, "वरणमा हिंग जास्त पडना."

मी भडकणारच होते! म्हणणार होते, जा मग तुमच्या थायलंडला. तेवढ्यात वर पाहिलं, तर यांच्या डोळ्यांत पाणी. घास तसाच तोंडात धरून बसलेले, गिळवतही नव्हता.

"ऋतिकानी माय, माले हिंग लागना. शेक झाल्यापासून आज पहिल्यांदा कशाचीतरी चव लागली."

मला कळेचना. "मग पास्ता? ते हमूस? माझं सूप?"

"माती लागायची. पास्ता काय, हमूस काय, बठ्ठं सारखंच." आणि मग, खाली बघत — "तुना तोंडाकडे देखीसन खादं."